अप्पांच्या रिव्हॉल्व्हरचं माप

अप्पा, तुमच्या रिव्हॉल्व्हरला गिऱ्हाईक मिळालं नाही. म्हणजे एक मिळालं होतं, पण त्याला मी नाही म्हटलं. तुमच्या घरात माझं 'नाही' कधी चाललं नव्हतं, म्हणून ही बातमी आधी सांगते. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. या चौदा वर्षांत मी तुमच्याशी मनातल्या मनातही बोलले नाही. गावी आले की फोटोला हात जोडायचे, तेही वहिनीला वाईट वाटू नये म्हणून. आज बोलायचं कारण तेच आहे, ज्यामुळं आपलं बोलणं बंद पडलं होतं.

गेल्या महिन्यात दादाचा फोन आला. तुमच्यामागं परवाना त्याच्या नावावर झाला, हे तुम्हाला ठाऊक असणार. मरण्याआधी तुम्ही तेवढी एकच निरवानिरव नीट करून ठेवली होती. आता नूतनीकरण जवळ आलंय, त्याचे गुडघे गेलेत, आणि पुतण्या म्हणतो ते लोढणं माझ्या गळ्यात नको. म्हणून विकायचं ठरलं. गंगापुरात कुणीतरी त्याला सांगितलं होतं की विलायती हत्यार बाहेरून यायचं कधीच बंद झालंय, त्यामुळं जुन्याला सोन्याचा भाव आहे, चार लाख कुठं गेले नाहीत. "तुला मापातलं कळतंय," दादा म्हणाला. "तू सोबत चल. दुकानदार येडं बनवतेत." वाळूजच्या कारखान्यात मी तीस वर्षं तपासणीत आहे. मापात न बसणाऱ्या नगावर लाल खूण करायची आणि तो बाजूला काढायचा, एवढंच माझं काम. या नोकरीचा काही उपयोग असतो, हे दादाच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं आणि कबूल करते, मला बरं वाटलं.

रविवारी गावी गेले. दादानं कपाटातून ते काढलं, तुमच्या त्याच जाड कातडी म्यानासकट, आणि टेबलावर ठेवलं. माझा हात आपोआप मागं गेला. बावन्न वर्षांची बाई, नातू झालेली, आणि हात मागं. लगेच दसरा आठवला. मी नऊ वर्षांची आहे. ओसरीत पाटावर कोयता, विळा, नांगराचा फाळ मांडलाय आणि मधोमध ते रिव्हॉल्व्हर, झेंडूच्या माळेत. तुम्ही बोट ओल्या कुंकवात बुडवता आणि गोळ्या भरायच्या त्या फिरत्या चाकावर टिळा लावता, वर हळद, वर अक्षता, वर नारळाचं पाणी. मला ते चाक फिरवून बघायचंय. माझं बोट मुठीला लागतं न लागतं तोच हातावर फटका बसतो. "पोरीच्या जातीनं हत्याराला हात लावायचा नाय," तुम्ही म्हणता. आई चुलीपुढून बघते आणि परत भाकरीकडं वळते. दुसऱ्या दिवशीपर्यंत कुंकू पुसायचं नाही, अपशकुन होतो, आणि मग तिळाचं तेल चोपडून ते वर्षभरासाठी म्यानात जायचं.

तेच तुम्ही मला राजदूतवर मागं बसवून तंत्रनिकेतनात घेऊन गेलात. भावकीतल्या कुणाचीही पोर तोवर बारावीपुढं गेली नव्हती. पहिल्या वर्षी वर्कशॉपसाठी व्हर्निअर लागतो म्हटल्यावर तुम्ही दुकानदाराला म्हणालात, "भारीतला द्या, पोर इंजिनेर व्हनार हाय," आणि दुकानाबाहेर येऊन मला विचारलंत की हे नेमकं करतं काय. मी तुमच्या अंगठ्याची जाडी मोजून दाखवली. तुम्ही ते माप दिवसभर भेटेल त्याला सांगत होतात. हे मी विसरले नाही. विसरले असते तर बाकीचं सगळं सोपं गेलं असतं.

तोच व्हर्निअर मी रविवारी पिशवीत घेऊन गेले होते. कारखान्यात आता आकडे दाखवणारी साधनं आहेत, आणि याचा जबडा जरा झिजलाय, तरी हट्टानं हाच नेला. दादाला म्हटलं, रिकामं आहे का आधी बघ आणि उघड. त्यानं ते मधोमध मोडल्यासारखं उघडलं. मी पहिल्यांदा तुमच्या हत्याराला हात लावला. मग नळीचं तोंड मोजलं, चाकाची लांबी मोजली, त्यातल्या गोळ्यांच्या घरांची खोली मोजली. नळी बरोबर होती, बत्तीस बोअर म्हणतात तीच. चाक मात्र मला आखूड वाटलं. हत्यारातलं मला काही कळत नाही, पण नळीच्या मानानं कुठला भाग आखूड आहे ते कळतं. आणि चाकाच्या ज्या बाजूला तुम्ही दरवर्षी टिळा लावायचात, त्या बाजूला गंजानं बारीक खड्डे पाडले होते. तेहतीस दसऱ्यांची पूजा तिथं मोजता येत होती.

सोमवारी रजा टाकून मी आणि दादा क्रांती चौकाच्या पुढं त्या परवानाधारक दुकानात गेलो. दुकानदार सत्तरीचे, डोळ्यावर जाड चष्मा, त्यांच्या वडिलांपासूनचं दुकान. त्यांनी रिव्हॉल्व्हर हातात घेतलं आणि पहिल्यांदा विचारलं, "ये चमक किसने चढाई?" दादा अभिमानानं म्हणाला की आमच्या वडिलांनी. खरंय. दादाच्या लग्नाआधी तुम्ही ते जीपचे बंपर चकाकवणाऱ्याकडं नेलं होतं आणि आरशासारखं करून आणलं होतं. दुकानदार म्हणाले, मूळ काळं पॉलिश असतं तर हौशी माणसानं नुसतं ठेवायला तरी घेतलं असतं. आता ते गेलं, आणि घासताना नंबरातला एक आकडाही अर्धा गेला. मग त्यांनी चाक फिरवून डोळ्याजवळ धरलं आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "ताई, ये शॉर्ट का है. आपल्याकडं सरकारी कारखान्याची गोळी येते ती लाँग. नळी एकच, पण गोळी लांब. घरात जाते, अडकते, बूड बाहेर राहतं. मग हे बंदच होत नाय. शॉर्ट गोळी आता कुठंच भेटत नाय, नक्को ढूंढो." त्यांनी एक नमुन्याची निकामी गोळी लावून दाखवली. करंगळीच्या नखाएवढी बाहेर राहिली. मी असले नग रोज बाजूला काढते, तरी ते नखाएवढं अंतर मी वाकून दोनदा बघितलं.

दादा म्हणाला, मग किंमत काय? त्यांनी सरळ सांगितलं. चालणारं विलायती असेल तर लोक रांग लावतात. गोळी मिळत नाही ते हत्यार म्हणजे परवान्यातली एक जागा अडवणारं लोखंड, ते कुणी घेत नाही. भंगारात घालावं तर कायद्यानं तेही करता येत नाही. दादाचा चेहरा उतरला. त्याला पैशांचं एवढं नव्हतं, अप्पा. तुमची किंमत कुणीतरी पुसून टाकल्यासारखं त्याला झालं. "आमच्या बापानं वापरलंय हे," तो म्हणाला. दुकानदारांनी तुमचं जुनं परवान्याचं पुस्तक मागितलं, जे दादानं कागदपत्रांत आणलं होतं, आणि गोळ्या खरेदीचं पान उघडून आमच्यापुढं सरकवलं. त्या पानावर दोनच ओळी होत्या. दहा गोळ्या दिल्या. चार दिवसांनी, दहा गोळ्या परत घेतल्या. "ये मेरे वालिद का हाथ है," ते वडिलांच्या अक्षरावर बोट ठेवून म्हणाले. त्यापुढं पान कोरं होतं, शेवटपर्यंत.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. पडता काळ आलेल्या एका जहागीरदाराच्या घरातून ते घेताना तुम्ही नळी बघितली, मूठ बघितली, जहागीरदाराचं नाव बघितलं, आणि गोळी लावून बघायचं तेवढं राहिलं. चार दिवसांत फसगत कळली. परत द्यायला जाणं म्हणजे फसलो हे सांगणं, म्हणून गप्प बसलात आणि कंबरेला लावून फिरलात. मी तेव्हा पाच वर्षांची असेन. लग्नात लोक म्हणायचे, अप्पा, एक बार उडवा की हवेत. तुम्ही म्हणायचात, "गोळी लग्नात उडवायची चीज नाय. ती वेळेला." सगळं गाव म्हणायचं, बघा, पाटलाला राग येतो पण हात सुटत नाही. निवडणूक लागली की तुम्ही पांढरे कपडे घालून गंगापूरच्या ठाण्यात ते जमा करायला जायचात, पावती खिशात वर दिसेल अशी ठेवायचात, आणि निकाल लागला की तसेच परत आणायला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तुमची मूठ तर मरेपर्यंत झाकलेली राहिली, आणि उघडली ती आता चौकातल्या दुकानात, तीही माझ्यासमोर.

मी हसले असते. खरंच हसले असते, त्या एका दिवसाचं नसतं तर. मी बावीस वर्षांची आहे, चार महिन्यांपूर्वी वाळूजला नोकरी लागलीय आणि तिथंच मला तो भेटलाय, ज्याच्याशी मला लग्न करायचंय. तो बौद्ध आहे, हे मी तुम्हाला स्वतः सांगितलं, लपवलं नाही. तुम्ही शांतपणे म्हणालात, बोलव त्याच्या बापाला. मी मूर्ख, मला वाटलं तुम्ही बोलणी करणार. ते दोघं एसटीनं आले. ओसरीत भावकीतले चारजण आधीच बसलेले. मी आत चहा गाळतेय आणि गाळणी हातात धरून खिडकीतून बघतेय. कप गेले. तुम्ही तुमच्या कपाला हात लावला नाही. म्यानातून रिव्हॉल्व्हर काढलंत आणि चहाच्या ताटाशेजारी ठेवलंत, तोंड त्यांच्याकडं करून. "पाव्हणं, हे बघितलं का?" त्यांनी मान वाकवून नीट बघितलं आणि म्हणाले, "बघितलं." मग चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायले, कप बशीत ठेवला, "येतो आम्ही" म्हणाले आणि मुलाला घेऊन पायऱ्या उतरले. मागून भावकीतलं कुणीतरी हसलं. तुमचा चहा तसाच निवत होता.

तीन महिन्यांनी मी दोन जोड कपडे आणि तो व्हर्निअर घेऊन शेअरिंगच्या जीपमध्ये बसले, ते तुम्हाला माहीत आहे. त्यापुढचं माहीत नाही. वाळूजच्या भाड्याच्या खोलीत मी दाराकडं पाठ करून कधी बसले नाही. बाहेर एखाद्या मोटारसायकलचा सायलेन्सर फुटल्यासारखा वाजला की हातातलं काम टाकून खाली बसायचे. पोटुशी असतानाही बसायचे. अकरा वर्षं गावी आले नाही, आई आजारी पडली तेव्हा आले, तर तुम्ही विचारलंत, "शिफ्ट कोणती हाय?" मी म्हटलं, जनरल. तुम्ही मान हलवलीत आणि गोठ्याकडं गेलात. आपलं शेवटचं बोलणं ते.

दादाला गाडीत बसवून मी घरी आले, तर माझे सासरे गॅलरीत पेपर वाचत बसलेले. चौऱ्याऐंशीचे आहेत, ऐकायला कमी येतं, नजर अजून शाबूत आहे. मी त्यांना सगळं सांगितलं, पुस्तकातल्या दोन ओळींसकट. मला वाटलं त्यांना धक्का बसेल. त्यांनी पेपराची घडी घातली. "मला त्याच दिवशी दिसलं व्हतं," म्हणाले. अप्पा, तो माणूस फौजेत बावीस वर्षं हत्यारखान्यात होता. तुम्ही एकदा विचारलं असतं की काय करता, तर कळलं असतं. "चाक आखूड. आन् गोळ्या भरल्या असल्या की म्होरनं टोकं दिसतेत. एक बी दिसलं नाय."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत? तीस वर्षं मला का नाही सांगितलं?

"त्याच्या दारात, त्याच्या भावकीम्होरं, तुझं हत्यार रिकामं हाय म्हनायचं?" ते म्हणाले. "मग त्याला कुऱ्हाड काढावी लागली असती, बाई. ती तर चालती व्हती ना." मग म्हणाले, "राग आला नाय असं नाय. लई आला. महिनाभर ह्या पोराशी बोललो नाय, म्हनलं दुसरी बघ. पन भ्याला म्हून हसू दिलं त्यान्ला. हसनारा मानूस हात उचलत नाय." मला का सांगितलं नाही, याचं उत्तर त्यांनी मग दिलं, आणि ते माझ्याकडं न बघता. "बापाची भीती गेली असती तुझी. पन बापाची लाज वाटली असती. मला वाटलं भीती बरी." इथं ते चुकले, आणि मी त्यांना तसं तोंडावर सांगितलं. माझ्या तीस वर्षांसाठी काय बरं, हे ठरवायचं काम त्यांचंही नव्हतं. ते म्हणाले, व्हय, चुकलं. इतकं सरळ. तुमच्या तोंडून हा शब्द ऐकायला मी किती वर्षं वाट बघितली, आणि मिळाला तो कुणाकडून ते बघा.

आता तुम्ही म्हणाल, रिकामंच होतं ना, मग एवढं काय. दादाही तेच म्हणाला. फोनवर रडत होता बिचारा. "बघ, अप्पा काय करनार नव्हते. उगाच भ्यालीस तू." नाही. हे मी कुणाला म्हणू देणार नाही, तुम्हालाही नाही. गोळी नव्हती, पण धमकी पुरती भरलेली होती आणि ती मला लागली. तुम्हाला माहीत होतं की ते चालत नाही, आणि तरी तुम्ही मला भिऊन जगू दिलंत. अकरा वर्षांनी गोठ्याकडं जाण्याऐवजी एक वाक्य बोलला असतात तरी पुरलं असतं. भरलेलं हत्यार रोखणारा बाप मला कदाचित समजला असता, रागाचा म्हणून. हे तर तुम्ही थंड डोक्यानं केलंत. म्हणून माफी नाही, अप्पा.

त्या गिऱ्हाइकाचं सांगायचं राहिलं. पुढच्या आठवड्यात दादाकडं एकजण आला. परवाना आहे त्याच्याकडं. म्हणाला, मी घेतो, माझ्या ओळखीचा कारागीर आहे, तो घरं आतून लांब करून देतो, लाँग गोळी बसते. दीड लाख द्यायला तयार. दादाला आशा लागली, की बघ, अप्पांचं हत्यार शेवटी चालणार. मी गावी गेले आणि त्या माणसासमोरच म्हटलं की त्या चाकात गंजाचे खड्डे आहेत, जुन्या हलक्या गोळीसाठी केलेलं लोखंड आहे ते, आतून कोरलं की भिंत आणखी पातळ. पहिल्याच बाराला फुटलं तर बोटं जातील, कदाचित डोळाही. आणि ते बेकायदा आहे ते वेगळंच. तो म्हणाला, बाईमाणसाला यातलं काय कळतंय. दादा माझ्याकडं बघत होता. मला वाटलं आता हा तुमच्यासारखं बोलणार. पण दादा त्याला म्हणाला, "तिनं मोजलंय. नाय म्हनती तर नाय." त्या माणसानं चहा अर्धा टाकला आणि गेला. तुमचा मुलगा तुमच्यापेक्षा बरा निघाला, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहितेय.

काल आम्ही दोघांनी गंगापूरच्या ठाण्यात जाऊन परवाना रद्द करायचा अर्ज दिला आणि रिव्हॉल्व्हर कायमचं जमा केलं. तिथल्या जुन्या हवालदारानं दादाला ओळखलं. "निवडणूक तर नाय लागली," तो म्हणाला. दादा म्हणाला, आता परत न्यायचं नाय. पावती मिळाली. यथावकाश ते नष्ट करतील. किंमत विचाराल तर शून्य; माझी सही आहे त्या कागदावर, साक्षीदार म्हणून. तुमच्या हत्याराच्या शेवटच्या कागदावर पोरीच्या जातीची सही.

हे पत्र कुठं टाकायचं ते मला माहीत नाही, टाकायचंही नाही. पावतीची एक प्रत घेतलीय, तिच्यासोबत व्हर्निअरच्या डबीत घडी घालून ठेवीन. एक गोष्ट मात्र दादालाही सांगितली नाही. ठाण्यात जायच्या आधी तो कपडे बदलत होता तेव्हा मी टेबलाशी एकटी होते. पिशवीत कारखान्यात मापांच्या साधनांना लावतो ते पातळ तेल होतं. मी फडक्यानं तुमचं तिळाचं चिकट तेल आणि खड्ड्यांत बसलेलं कुंकू पुसून काढलं, आणि त्याला नीट तेल दिलं. सगळीकडं, नळीलाही, मुठीच्या स्क्रूलाही. मोडीतच जाणार होतं ते. तरी दिलं.